हरलेले खेळाडू यायचेच बंद झालेत, कॅम्पेन गुंडाळू का?

प्रश्न: आमच्या हॉबी क्लबात इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धावर वॉरगेम कॅम्पेन (नकाशावर एकामागून एक लढायांचा खेळ) चालू आहे, आठ खेळाडू आणि मी अंपायर. सुरुवातीला सगळे जोशात होते, आता दोघांनी अर्धा नकाशा गिळलाय आणि हरलेले फिरकतच नाहीत. त्यात रसद-पगाराचे हिशोब करून माझं डोकं उठलंय. बंद करू का?

उत्तर: इतक्यात नको. तुमच्याकडे बहुतेक एक लढाई जिंकली की प्रांत खिशात, असा नियम असणार, आणि सगळी गडबड तिथेच आहे. क्रेसीची लढाई 1346 च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात आटोपली, पण त्यानंतर फ्रान्समधलं कॅले शहर घ्यायला इंग्लंडचा राजा एडवर्डला जवळपास अकरा महिने वेढा घालून बसावं लागलं. मग तुमच्या विजेत्यांनाही बसवा की! वेढ्यात टर्न जाऊ देत, दर टर्नला पगार द्यायला लावा, पैसे संपले की सैन्य पांगतं, म्हणजे ते दोघं आपोआप हळू होतील.

हरलेल्या सरदाराला मारू नका, पकडा. 1356 ला प्वातिएच्या लढाईत खुद्द फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला, 1360 च्या तहात खंडणी ठरली 30 लाख सोन्याची नाणी, मग ओलीस ठेवलेला मुलगा पळाला म्हणून राजा स्वतःहून परत इंग्लंडला गेला आणि 1364 ला तिथेच वारला (असं कथानक कुठला अंपायर रचेल सांगा). खंडणी हप्त्याने घ्यायची, जिंकणाऱ्याला पैसा मिळतो, हरणारा खेळात राहतो. आणि ज्याच्याकडे खरंच काही उरलं नाही त्याला भाडोत्री टोळीचा कप्तान करा, त्या तहानंतर बेकार झालेले सैनिक फ्रान्सभर लुटालूट करत फिरतच होते. माझा अंदाज, ही भूमिका मिळाली की रुसलेले सगळ्यात आधी हजर होतील.

हिशोबाचं म्हणाल तर रसद वेगळी मोजूच नका, पगारातच धरा. खेळातल्या वर्षाला तीन टर्न पुरे, हिवाळ्यात फक्त वाटाघाटी आणि त्या खेळाडूंनी आपापसात मेसेजवर उरकायच्या, तुम्हाला फक्त ठरलं काय ते कळवायचं. टेबलवर फिगर्स (छोटे सैनिक) मांडायच्या त्या चुरशीच्या लढायांनाच, पाचास एक असा सामना असेल तर डाइस टाका आणि पुढे चला. हो, आणि कॅम्पेन युद्धाच्या कोणत्या वर्षी संपणार ते आत्ताच जाहीर करून टाका.