पहिली विकत घेतलेली कॅसेट कोणती, आणि ती आज वाजते का?

अभिषेकीबुवांची नाट्यपदे. साठ मिनिटांची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली. आणि हो, वाजते. पण त्या 'वाजते'वरच लिहितो, कारण गोव्यात दर पावसाळ्यानंतर 'बुरशी धरली' म्हणून चांगल्या कॅसेटी कचऱ्यात जातात.

माझ्या कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसायला लागले. चवथ (गणेशचतुर्थी) होऊन ऊन पडले तशी दादाने गाद्यांबरोबर तीही अंगणात टाकली, दोन दिवस. त्यानंतर लावली तर आवाज जड, लांबलेला, मधेच खोल जाणारा. बुरशीने टेप खाल्ली, असे दादाचे म्हणणे. आजही तेच आहे आणि ते चूक आहे.

टेपचा पाया पॉलिएस्टरचा असतो, त्याला बुरशी खात नाही. ती वाढते धुळीवर आणि बोटांच्या तेलकटपणावर. फार वर्षे दुर्लक्ष झाले तरच चुंबकीय थराला धरून ठेवणाऱ्या डिंकापर्यंत पोचते. बॉडी, म्हणजे बाहेरची डबी, मात्र साध्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकची, उन्हात ती पिळवटते. माझ्या कॅसेटीच्या दोन भागांमध्ये एका कोपऱ्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली होती. चक्रात पेन्सिल घालून फिरवले की अर्धा वेढा मोकळा जाई, पुढचा अर्धा घासत. मोटरला ओढ पडत होती, आवाज त्यामुळे रडत होता. टेप शाबूत होती. म्हणून इलाज एकच: बॉडी बदलणे.

बुरशीची कॅसेट आधी वाजवून बघू नका. वेढे कडेला एकमेकांना चिकटलेले असतात, डेक (कॅसेट वाजवायचे यंत्र) जोरात ओढतो आणि टेप कडेने फाटते. शिवाय बुरशी डेकच्या हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागते. कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर (ओलावा शोषणारे खडे) आठवडाभर ठेवा. तंतू कोरडे होऊन भुकटी होतात. ओले असताना पुसले तर नुसते पसरतात.

मग पाच स्क्रूंची एक कोरी कॅसेट मिळवा, तिची बॉडी वापरायची. आपली कॅसेट स्क्रूची असेल तर सोपे. चिकटवलेली असेल तर सांध्यात पातळ पाते घालून थोडे थोडे पिळत उघडावी लागते, जाड कडेकडून सुरुवात करून. ती आडवी ठेवूनच उघडा. उभी धरलीत तर गुंडाळी मधून निसटते आणि नव्वद मीटर टेप जमिनीवर येते. मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने गुंडाळीच्या दोन्ही बाजू झाडा. टेपला स्पिरिट लावू नका. गुंडाळीच्या दोन्ही बाजूंचे जुने पातळ कागद टाकून द्या, नव्या बॉडीतले वापरा. कोपऱ्यांतल्या दोन चाकांच्या बारीक पिना उडतात, त्या आधीच वाटीत काढून ठेवा. टेप चाकांच्या बाहेरून, हेडच्या खिडकीपाशी फेल्टच्या गादीच्या पुढून जाते, वाजणारी बाजू बाहेर. गादी पडलेली असेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि वरचे सूर आधी जातात. पुष्कळ लोकांना टेप 'झिजली' वाटते ती ह्यामुळे. स्क्रू कचकचून आवळू नका, नाहीतर नवी बॉडीही घासेल.

बंद केल्यावर षटकोनी पेन्सिलीने पूर्ण टेप एकदा इकडून तिकडे घ्या, हेडच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या टेपवर कोरडे, धागे न सुटणारे कापड हलकेच धरून. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साधारण आठशे वेढे पडतात. हात दुखतो, पण कुठे चिकटले आहे ते बोटांना कळते. तिथे थांबून सोडवायचे. तुटलीच तर खास स्प्लायसिंग टेपच लावा, तिरका काप देऊन, मागच्या बाजूने. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि शेजारचा वेढा धरतो.

डेकचे हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारी बारीक दांडी) आणि रबरी चाक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू कॅसेट वाजत असताना किंचित फिरवून वरचे सूर सर्वांत स्वच्छ लागतील तिथे ठेवा. मग लगेच संगणकावर उतरवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. तासाची साधारण एक जीबी होते. आवाज डेकच्या लाइन आउटमधून घ्या, माइकच्या भोकातून नव्हे.

ठेवताना हवाबंद डबा, कॅसेटी उभ्या, टेप एका टोकापर्यंत गुंडाळलेली. वीस कॅसेटींना शंभरेक ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलला की मंद आचेच्या तव्यावर परत कोरडे करा, त्या तव्यात पुन्हा स्वयंपाक नको. जून ते सप्टेंबर डबा उघडायचाच नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका.

दादा, ऊन गाद्यांना, पापडांना, सोलांना. कॅसेटीला नाही.

एक राहिले. नव्या बॉडीतही टेप चीं चीं करत असेल तर तिचा गुळगुळीतपणा गेला आहे, वरचे सगळे करूनही ती नीट वाजेलच असे नाही. आणि बाजारात घेतलेल्या कॅसेटीत हात जरूर घाला, पण घरच्या माणसाचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट पहिल्याच प्रयत्नात उघडू नका. आधी दोन-तीन नको असलेल्या कॅसेटी उघडून, परत जोडून, वाजवून बघा.