भाड्याच्या ट्रकमागे टो डॉलीवर कार बांधून न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनाला नेणं सुरक्षित आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एडिसनहून कॅरीला बिऱ्हाड हलवायचंय, १६ फुटी ट्रक भाड्याने ठरवलाय, त्याच्यामागे टो डॉलीवर होंडा सीआरव्ही न्यायची आहे, बायको आणि मुलगी विमानाने जाणार, आणि तुम्ही आजवर गाडीमागे काहीही ओढलेलं नाही. जमेल का, आणि धोका कितपत?

जमतं. २०१७ च्या जूनमध्ये मी आमची २०१२ ची कोरोला अशीच डॉलीवर चढवून शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून अटलांटाजवळच्या अल्फारेटाला नेली, सातशेच्या वर मैल. त्याआधी मी ओढलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे चाकांची बॅग. पण डॉलीचे पैसे भरण्याआधी एक करा. खाली पार्किंगमध्ये जा आणि सीआरव्हीच्या मागच्या दारावर ‘एडब्ल्यूडी’ (जुनी असेल तर ‘४डब्ल्यूडी’), म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, अशी अक्षरं आहेत का ते बघा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

डॉली म्हणजे दोन चाकांचा बुटका गाडा. कारची पुढची चाकं त्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची, मागची चाकं रस्त्यावर फिरत येतात. त्यामुळे मागच्या चाकांचा इंजिन-गिअरबॉक्सशी काही संबंध नसलेली गाडीच डॉलीवर चालते, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह. सीआरव्ही दोन्ही प्रकारांत मिळते. तुमची साधी फ्रंट व्हील असेल तर मागची चाकं सायकलच्या चाकासारखी नुसती फिरतात, पुढे वाचा. एडब्ल्यूडी असेल तर फिरणारी मागची चाकं शाफ्टमार्फत आतलं सगळं फिरवत राहतात. इंजिन बंद असल्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलाचा पंपही बंद. वंगणाविना लोखंड तापतं आणि हजारो डॉलर्सचं काम निघतं. ‘न्यूट्रलमध्ये टाकली की झालं’ असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो, त्याचं ऐकू नका. मागचा शाफ्ट मेकॅनिककडून सोडवून घेता येतो, पण तेवढ्या उठाठेवीपेक्षा चारही चाकं वर घेणारा ट्रेलर मागा. तो जड असतो, भाडंही जास्त, पण गाडीचं एकही चाक रस्त्याला लागत नाही. टेस्ला असती तर तिच्यासाठी तोच एक मार्ग होता. आणि गाडी उलटी चढवून मागची चाकं वर घ्यायची शक्कल कोणी सुचवली तर हसून सोडून द्या. इंजिनाचं सगळं वजन मागे लोंबतं आणि मोठ्या रस्त्यावर शेपूट हलायला लागते.

समजा, तुमची फ्रंट व्हील आहे.

आता खरं काम. डॉलीचा धोका रस्त्यावर कमी आणि निघण्याआधीच्या अर्ध्या तासात जास्त असतो. भाड्याच्या दुकानातला मुलगा सगळं भराभर लावून ‘यू आर गुड’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तुम्ही हलू नका. बॉल (ट्रकमागचा लोखंडी गोळा) आणि कपलर (त्यावर बसणारं डॉलीच्या दांड्याचं तोंड) यांचं माप दोन्हींवर कोरलेलं असतं, ते वाचा. २ इंची कपलर १⅞ इंची बॉलवर बसल्यासारखा दिसतो, लॅचही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो. लॅच लावल्यावर कपलर दोन्ही हातांनी वर ओढून बघा, बॉलवरून उचलला जाता कामा नये. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींवरून न्यायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडतो. वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल, पण जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड. मग दिव्यांची वायर जोडा आणि कोणाला तरी मागे उभं करून दोन्ही इंडिकेटर, ब्रेक आणि टेललाइट बघा. कारचे स्वतःचे दिवे त्या वायरीवर लागत नाहीत, डॉलीचे लागतात. ते कारच्या पुढच्या चाकांपाशी, खाली असतात, मागून येणाऱ्याला नीट दिसत नाहीत. चुंबकाने कारच्या मागे चिकटवायचे जादा टेललाइट मिळतात, अंधारात चालवणार असाल तर घ्याच.

कार चढवताना ट्रक आणि डॉली एका रेषेत, सपाट जागेवर. एक माणूस बाहेर उभा करा, आत बसून चाक कुठे पोचलं ते दिसत नाही. पट्टे टायरच्या माथ्यावरून गेले पाहिजेत, पिळलेले नकोत, आणि रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचा खटका, घट्ट होईपर्यंत आवळा. शिवाय डॉलीची जादा साखळी कारच्या खालच्या सांगाड्याला अडकवायची असते, ती बरेच जण विसरतात.

स्टिअरिंगचं मात्र एकच एक उत्तर नाही. काही डॉल्यांची पाटी, म्हणजे कारची चाकं बसतात तो भाग, स्वतः वळते, तिथे कारचं स्टिअरिंग सरळ ठेवून लॉक करायचं. काहींची पाटी पक्की असते, तिथे चाकांना वळता आलं पाहिजे म्हणून लॉक उघडं ठेवावं लागतं. तुमच्या डॉलीवर सूचनांचा स्टिकर असतो, तो वाचूनच ठरवा. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत लॉक उघडं ठेवायला इग्निशन चालू ठेवावं लागलं तर पोचेपर्यंत बॅटरी बसू शकते, म्हणून जंपर केबल हाताशी ठेवा.

आणि हँडब्रेक. पुढची चाकं बांधलेली असल्याने गिअर पार्कमध्ये असला तरी चालतो, पण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तो सुटलेलाच हवा. २०१७ पासूनच्या सीआरव्हीत तो बटणाचा, इलेक्ट्रॉनिक आहे, कारमधून उतरताना सवयीने ओढला जातो. तपासायची पद्धत सोपी: ट्रक वीस फूट पुढे घ्या, आणि मागची चाकं फिरतायत का हे कोणाला तरी बघायला सांगा. घसटत आली तर थोड्याच मैलांत टायरचं रबर जळून सपाट होतं आणि पुढे बसलेल्या तुम्हाला पत्ताही लागत नाही.

कारच्या डिकीत सामान भरू नका. मलाही मोह झाला होता, ट्रकमध्ये न मावलेला मिक्सर आणि तीन कुंड्या मी मागच्या सीटवर ठेवणार होतो. पण पुढची चाकं उचलली की गाडीची शेपूट आधीच खाली झुकते, पेट्रोल पंपाच्या चढावर बंपर घासतो. सीआरव्ही ३,३०० ते ३,६०० पौंडांची, त्यात डॉली धरा, म्हणजे ट्रकमागे १,८०० किलोंच्या आसपास. त्यात भर नको. माणूस तर अजिबात बसवायचा नाही, मांजरसुद्धा नाही.

निघालात की पाच-सात मैलांवर थांबा. हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि ‘बघू पुढे’ म्हणणार होतो, पण पहिल्याच रेस्ट एरियात गाडी घेतली. डाव्या पट्ट्याखाली माझी दोन बोटं सहज गेली. निघताना एक नखही जात नव्हतं. पट्टा तुटला नव्हता, सुटला नव्हता, टायर पाटीवर नीट बसलं आणि पट्टा तेवढाच सैल पडला. रॅचेटचे चार टिक मारले. त्यानंतर प्रत्येक थांब्याला पट्टे, साखळ्या, कपलर यांना हात लावून बघायचो आणि डॉलीच्या टायरवर तळहात ठेवायचो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर बेअरिंगकडे संशयाने बघावं.

डॉलीसकट ट्रक मागे घेता येत नाही. ‘कठीण आहे’ असं नाही म्हणत, येत नाही असंच धरून चाला. मी सांगली जिल्ह्यातला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर वाढलेला. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना मी कधी बघितला नाही. चुकला तर ड्रायव्हर मागची ट्रॉली सोडतो, मग वळतो. इथेही तेच आहे: ट्रक आणि डॉली यांच्यात एक सांधा, डॉली आणि कार यांच्यात दुसरा. चार-पाच फूट मागे गेलात की मधला सांधा कात्रीसारखा मिटतो आणि कारचं मडगार्ड डॉलीवर आपटतं.

हे सगळं माहीत असूनही मी फसलो. पहिल्या रात्री केंटकीत, एलिझाबेथटाऊनजवळ, अकरा वाजता एका मोटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये शिरलो. पुढे कचऱ्याचा मोठा डबा आणि भिंत. बाहेर पडायची वाट एकच, मागे. कार उतरवल्याशिवाय इलाज नव्हता आणि कारची किल्ली ट्रकमध्ये. ट्रकमध्ये म्हणजे सामानात. बायकोला फोन लावला, तिने झोपेतच सांगितलं, ‘मसाल्याच्या खोक्यात टाकलीय, हरवू नये म्हणून.’ मसाल्याचं खोकं वॉशिंग मशीनच्या मागे. साडेबाराला कार खाली आली, मग डॉली ट्रकपासून सोडवून हाताने ओढून फिरवली (रिकामी असली तरी कित्येकशे पौंडांची असते, कंबर आठवडाभर आठवण देत होती), ट्रक वळवला आणि सगळं पुन्हा जोडलं. म्हणून सांगतो, कारची किल्ली खिशातच ठेवा. आणि ज्या जागेतून पुढूनच बाहेर पडता येतं हे डोळ्यांनी दिसतंय, तिथेच आत शिरायचं. जेवायला, पेट्रोलला मोठ्या ट्रकवाल्यांचे थांबे बरे. मोटेल ठरवताना फोन करून विचारा, आणि त्यावर विश्वास न ठेवता नकाशावर वरून बघा.

तुमचा रस्ता ४८०-५०० मैलांचा होईल. नऊ-दहा तासांत एका दमात नेऊ नका, व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या पुढे एक रात्र काढा. न्यू जर्सी टर्नपाइकवर सुरुवातीला लेनचे दोन संच आहेत, आतले फक्त कारसाठी. तुम्ही बाहेरच्या, ट्रक आणि बसच्या लेनमध्ये. वॉशिंग्टनच्या आधी ९५ नंबरचा हायवे तुंबला की फोनचा नकाशा हमखास बाल्टिमोर-वॉशिंग्टन पार्कवेवर वळवू बघतो, त्याच्या दक्षिणेकडच्या भागावर ट्रकला बंदी आहे. नकाशाला ‘मी ट्रक आहे’ हे कळत नाही, ते तुम्हीच लक्षात ठेवा. टोल आसांवर मोजतात: ट्रकचे दोन, डॉलीचा एक, कारच्या मागच्या चाकांचा एक. कारच्या काचेवरचा ई-झीपास (टोल आपोआप भरणारी डबी) काढून त्याच्या पाकिटात घाला, नाहीतर टोलवर तोही वाचला जाऊ शकतो. ट्रकची उंची डॅशबोर्डवर लिहिलेली असते, कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूच्या छपराखाली शिरण्याआधी ती आठवा.

चालवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डॉली ओढताना भाड्याच्या कंपन्या ५५ मैलांची मर्यादा सांगतात, ती पाळा, लोक मागून हॉर्न देतील, देऊ दे. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. उजवीकडे वळताना चौकात जरा पुढे जाऊन मग वळा, कार मागून आतला कोपरा कापते आणि चाक फुटपाथवर चढतं. मागचं धूड डुलायला लागलंय असं वाटलं तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका, पाय ॲक्सिलरेटरवरून उचला आणि धरून बसा, वेग उतरला की ते आपोआप शांत होतं. डेलावेअर मेमोरियल ब्रिजवर आडवा वारा असेल तर हे कामी येईल. मला टेनेसीत २४ नंबरच्या हायवेवर माँटइगलचा डोंगर उतरावा लागला, तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी डाव्या बाजूला शिरून थांबायचे वेगळे रस्ते काढलेले आहेत, ते बघूनच पाय कापतात. खंबाटकीत वडील शिकवायचे तेच केलं: उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर, मग मधून मधून ब्रेक. तुमच्या वाटेवर असा घाट नाही.

विम्याचे कागद वाचून घ्या. घरच्या कारचा विमा किंवा क्रेडिट कार्ड भाड्याच्या ट्रकला बहुतेक वेळा लागू होत नाही, आणि ओढल्या जाणाऱ्या कारचं संरक्षण वेगळं मागावं लागतं.

कॅरीत पोचलात की अपार्टमेंटच्या आवारात शिरू नका, आधी बाहेरच सरळ रस्त्यावर किंवा मोठ्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये कार उतरवा. ट्रकचा हँडब्रेक लावा, आधी पट्टे आणि मग ती जादा साखळी सोडा. साखळी राहून गेली आणि कार मागे घेतली तर बंपर डॉलीवरच राहतो.

सीआरव्हीच्या मागच्या दारावर काय लिहिलंय आणि ती कोणत्या वर्षाची आहे ते खाली कळवा, म्हणजे डॉली घ्यावी की ट्रेलर हे नक्की सांगतो.