सहा वर्षांच्या मुलीला तिच्या आवडत्या चित्रपुस्तकावरचा चित्रपट दाखवावा का? आणि दहा वाक्यांच्या पुस्तकावर एवढा मोठा चित्रपट काढतातच कशाला?

तुमच्या मुलीला ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ तोंडपाठ आहे आणि आता ती चित्रपटासाठी हट्ट धरून बसली आहे, हे वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. हे पुस्तक मी दरवर्षी पहिलीच्या मुलांना चित्रं दाखवत मराठीतून सांगते. माझं मत विचाराल तर आत्ता नको, अजून दोन-तीन वर्षं थांबा.

मॉरिस सेंडॅक यांचं हे पुस्तक १९६३ सालचं. मॅक्स घरात धुडगूस घालतो, आई त्याला उपाशीच झोपायला पाठवते, खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून राक्षसांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो आणि परत येतो तर जेवण अजून गरम. गोष्ट एवढीच. पण आज रात्री ती चित्रं पुन्हा निरखून बघा. सुरुवातीला चित्र लहानशा चौकटीत असतं, भोवती कोरा कागद. पुढे चौकट वाढत जाते, जंगल अख्खं पान व्यापतं, शेजारच्या पानावर सरकतं आणि राक्षसांच्या दंग्याची तीन जोडपानं येतात तेव्हा शब्दांना जागाच उरलेली नसते. तिथे मी गप्प बसते आणि वर्ग ओरडतो. छप्पर उडेल इतका ओरडतो. पोट भरलं की कुणीतरी म्हणतं, “टीचर, आता परता!” मग मी पान परतते.

चित्रपटात पान परतणं मुलांच्या हातात राहत नाही. माझा सगळा जीव तिथेच अडकतो.

दिग्दर्शक स्पाइक जोन्झ यांचा २००९ सालचा चित्रपट १०१ मिनिटांचा आहे. दहा वाक्यांतून एवढा वेळ भरायचा तर नवं काहीतरी घालणं आलंच. त्यांनी आणि लेखक डेव्ह एगर्स यांनी पटकथेत घातलं ते घरातलं दुःख. बाबा घरात नाहीत, बहीण मोठी होऊन मनाने दूर गेली आहे, आई कामाने पिचलेली. पुस्तकात तर आई एकाही चित्रात दिसत नाही! राक्षसांनाही नावं मिळाली, रुसवेफुगवे आले. एक राक्षस रागाच्या भरात दुसऱ्याचा हात उपटतो. सहा वर्षांचं मूल त्या प्रसंगाला दचकेल. आणि मला सगळ्यात लागलं ते हे की खोलीत जंगल उगवतच नाही, मॅक्स घरातून पळून जातो. पुस्तकातला मॅक्स आपल्या खोलीतच असतो, म्हणून तर मुलं न घाबरता त्याच्याबरोबर जातात.

तरीही हा चित्रपट मनापासून केलेला आहे. स्वतः सेंडॅक निर्मात्यांपैकी एक होते. राक्षस निव्वळ संगणकावर काढलेले नाहीत: बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या नावाच्या कार्यशाळेने बनवलेले अवजड पोशाख घालून खरी माणसं वावरली, संगणकाने फक्त चेहरे हलवले. त्यांची पावलं जमिनीवर पडलेली जाणवतात. आमच्याकडच्या दशावतारी नाटकात संकासुर हा राक्षस येतो तेव्हा आमची मुलं आईच्या पदराआड लपतात आणि एका डोळ्याने बघतातही, कारण आत माणूस आहे हे त्यांना ठाऊक असतं. तेच इथे झालं आहे. मुळात सेंडॅक यांना हे राक्षस सुचले ते लहानपणी घरी येणाऱ्या नातेवाइकांवरून, गालगुच्चे घेत ‘खाऊन टाकीन’ म्हणणाऱ्या. गणेश चवथीला आमच्या घरात असे पाच-सहा तरी जमतात!

तोवर तिला ‘द स्नोमॅन’ दाखवा. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ सालच्या शब्दाविना पुस्तकावरचा १९८२ सालचा हा चित्रपट फक्त २६ मिनिटांचा आहे. त्यातही उत्तर ध्रुवाची भेट नव्याने घातलेली आहे, पण सुरुवातीचं छोटं निवेदन आणि एक गाणं सोडलं तर शब्द नाहीत, त्यामुळे मूल स्वतःच बोलत राहतं.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने पुस्तक मिटल्यावर विचारलं, “जेवण कुणी ठेवलं?” शेजारचा म्हणाला, “आईने. ती दाराबाहेरच होती.” चित्रपटाच्या शेवटी मॅक्स जेवत असतो आणि समोर बसलेल्या आईचा बघता बघता डोळा लागतो. तुमची मुलगी ते जेवण कुणी ठेवलं हे विचारायला लागली, की तिला शेजारी घेऊन चित्रपट लावा.