वाचक विचारतात : आमेडचा काळा किनारा

प्रश्न : बालीला जायचं ठरलंय, पण कुटा-सेमिन्याकची गर्दी नको. शांत कोळीवस्ती आणि ज्वालामुखीच्या वाळूचा किनारा बघायचा आहे. आमेड कसं? एका दिवसात जाऊन येता येईल का? (वाचक, डोंबिवली)

आमेड अगदी योग्य, पण एका दिवसात नको. देनपासारच्या विमानतळापासून गाडीने सुमारे तीन तास लागतात, रस्त्यात ट्रक असले तर जास्तच. सकाळी निघालात तर पोहोचेपर्यंत होड्या वाळूवर ओढून झालेल्या असतात, मासळी बाजारात गेलेली असते आणि किनारा तव्यासारखा तापलेला असतो. या गावाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि नऊपर्यंत त्यातला मोठा भाग उरकलेला असतो. म्हणून किमान दोन रात्री राहा, तीन मिळाल्या तर उत्तम.

मुक्काम ठरवताना एक लक्षात घ्या. आमेड हे एका गावाचं नाव असलं तरी पुढच्या सगळ्या वाड्यांनाही प्रवासी आमेडच म्हणतात : जेमेलुक, बुनुतान, लिपाह, सेलांग, बान्युनिंग, आस. किनाऱ्याने हा पट्टा दहा-बारा किलोमीटरचा सहज आहे आणि मधला रस्ता चढउतारांचा, वळणावळणांचा. नुसतं 'आमेड' बघून खोली घेतली, तर हव्या त्या किनाऱ्यापासून अर्धा तास लांब पडण्याची शक्यता असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जेमेलुक किंवा लिपाह धरावं. जाताना आम्लापुरा या शहरामार्गे जाल, तर वाटेत तीर्ता गंगा हा करंगासेमच्या राजाचा जलमहाल लागतो. तिथे तासभर थांबून पुढे कुलिकच्या नाक्यावर उजवीकडे वळायचं.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात. तिकडे जून-जुलैत गेलं तर समुद्र बंद असेल का? आणि आगुंग ज्वालामुखीची भीती किती? (वाचक, वेंगुर्ला)

ऋतू तुमच्या उलट आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. कोकणात होड्या वर काढलेल्या असतात तेव्हा आमेडची मासेमारी जोरात असते. त्यातही बेटाचा हा कोपरा इतर बालीपेक्षा कोरडा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वारा जास्त असतो, त्यामुळे दुपारनंतर पाणी खवळलेलं दिसेल. पोहणं सकाळीच उरका. मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपीची तारीख आधी बघा. हा तिथल्या शक संवत्सराचा पहिला दिवस, कधी कधी आपल्या पाडव्याच्याच दिवशी येतो. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही आणि रात्री दिवेही मंद ठेवायचे.

आगुंग तीन हजार मीटरहून उंच आणि जागृत आहे. १९६३च्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसं गेली. नंतर तो २०१७ ते २०१९ या काळात जागा झाला. पर्यटकाला मोठा धोका असतो तो राखेचा : गावात काही झालं नाही तरी राखेमुळे विमानं थांबतात, नोव्हेंबर २०१७मध्ये तसंच झालं. म्हणून विम्यात ज्वालामुखीमुळे रद्द होणारा प्रवास धरला आहे का, हे तपासा. निघण्यापूर्वी 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी संकेतस्थळावर इशाऱ्याची पातळी बघा. पातळ्या चार : नॉर्माल, वास्पादा, सियागा आणि सर्वांत वरची आवास. सियागा दिसली तर बेत पुढे ढकला.

प्रश्न : फोटोत तिथल्या होड्यांना दोन्ही बाजूंना बांबू दिसतात. ही आपली उलांडीच ना? त्यांच्याबरोबर समुद्रात जाता येतं का? (वाचक, मालवण)

हो, उलांडीच, फक्त दुहेरी. आपल्याकडच्या उलांडीच्या होडीला एकाच बाजूला तरांडं, म्हणजे तोल सांभाळणारं तरंगतं लाकूड, असतं. बालीच्या 'जुकुंग'ला दोन्ही बाजूंना जाड बांबू असतात, आणि ते कमानीसारख्या वाकवलेल्या आडव्यांनी होडीला बांधलेले असतात. होडी इतकी अरुंद की बांबूंशिवाय ती उभीच राहणार नाही. शीड तिकोनी आणि रंगीत. वारा कुठूनही आला तरी एका बाजूचा बांबू पाण्यावर रेलतो आणि तोल राहतो. शिवाय होडी हलकी, त्यामुळे बंदर नसलेल्या दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर चार-पाच जण ती उचलून वर ठेवू शकतात. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, गजमीनाचं, म्हणजे हत्तीचं तोंड असलेल्या माशाचं रूप कोरलेलं असतं. त्याचे रंगवलेले डोळे अंधारात रस्ता शोधतात, असं मानतात.

आता बहुतेक होड्यांना इंजिन आहे, पण परतताना वारा मिळाला की शीड उभारतात. सकाळी सातच्या सुमारास क्षितिजावर शिडांची रांग दिसते, ती हीच. बांगडा आणि कुप्याच्या जातीचा 'तोंगकोल' हे मुख्य मासे. एका लांब दोरीला अनेक गळ लावून ती होडीमागे ओढत नेतात.

जाता येतं. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या कोळ्याशी किंवा मुक्कामाच्या घरी बोला. पैसे, वेळ आणि मासेमारी की नुसता सूर्योदय, हे तिन्ही तेव्हाच स्पष्ट करा. मासेमारीला पहाटे निघावं लागतं. होडीत एक, फार तर दोन पाहुणे मावतात. लाइफ जॅकेट मागून घ्या, ते आपणहून देतीलच असं नाही. चढताना उलांडीच्या बांबूवर पाय देऊ नका. भार पडून बांधण्या सैल होतात, आणि सकाळभर त्याच बांधण्यांवर होडीवाल्याची भिस्त असते. फोन जलरोधक पिशवीत ठेवा, कारण होडीची कड पाण्यापासून वीतभरच वर असते आणि तुषार आत येतातच.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे, मुलगी आठ वर्षांची. पाण्यात उतरणं सोपं आहे का? (वाचक, पुणे)

मऊ वाळूची कल्पना डोक्यातून काढा. इथे काळी वाळू थोडी, गोटे जास्त. लाव्ह्याचा खडक झिजून ती झाली आहे. लाटेबरोबर गोटे पायाखालून सरकतात, वयस्कर माणसं पडतात ती तिथेच. जाड तळाचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्या. समुद्री साळिंदराचे काटेही त्यांनीच टळतात. अकरानंतर अनवाणी चालणं अशक्य होतं.

मुलीसाठी जेमेलुक किंवा लिपाहची खाडी बरी : प्रवाळ किनाऱ्यालगतच आहेत, मुखवटा लावून तोंड बुडवलं की मासे दिसतात. प्रवाळावर उभं राहू देऊ नका. बान्युनिंगला बुडालेलं लहान जपानी जहाज आहे, पण तिथे प्रवाह जोरात असू शकतो, तेव्हा ते चांगलं पोहणाऱ्यांनीच बघावं. जवळच्या तुलांबेनला 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज आहे. जानेवारी १९४२मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागल्यावर ते किनाऱ्याला आणून लावलं होतं, १९६३च्या उद्रेकाच्या हादऱ्यांनी ते पाण्यात सरकलं.

प्रश्न : आमेडचं मीठ वेगळं म्हणतात ते का? (वाचक, उरण)

तुमच्याकडच्या मिठागरात पाणी वाफ्यातच सुकतं. इथे आधी माती खारवतात : समुद्राचं पाणी सपाट केलेल्या जमिनीवर शिंपडायचं, ऊन खाऊ द्यायचं, मग वरची खारट माती खरवडून 'तिंजुंग' या शंकूच्या आकाराच्या गाळणीत भरायची. तीवर पुन्हा समुद्राचं पाणी ओतलं की खाली दाट खारं पाणी झिरपतं. ते माडाच्या चिरून कोरलेल्या खोडांत, 'पालुंगान'मध्ये, उन्हात सुकवतात. पाऊस आला तर सगळं वाया. म्हणून हे काम कोरड्या महिन्यांतच बघायला मिळतं. या मिठाला भौगोलिक मानांकन आहे. मीठ करणाऱ्यांकडूनच घ्या. वाफ्यांच्या जमिनी हॉटेलांकडे जात आहेत, आणि तुमची खरेदी हा मीठ करणाऱ्यांना खरा आधार आहे.

प्रश्न : बाली हिंदू आहे, म्हणजे शाकाहाराची अडचण नसावी? (वाचक, नाशिक)

असते. बालीचे हिंदू मासे, कोंबडी, डुक्कर सगळं खातात. भाजीतही 'तेरासी', म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा आंबवलेला गोळा, घातलेला असतो. 'तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा तेलूर' (तेरासी, मासा, अंडं नको) असं सांगा. टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भात आणि शेंगदाण्याची चटणी सगळीकडे मिळते, पण चटणीबद्दलही विचाराच.

प्रश्न : पैसे किती रोख न्यावेत? (वाचक, ठाणे)

आगमनावरचा व्हिसा माणशी ५,००,००० रुपिया आणि बालीचा पर्यटन कर १,५०,००० रुपिया, हे दोन्ही ऑनलाइन भरता येतात. आमेडात एटीएम मोजकी आहेत आणि रिकामीही होतात, म्हणून तीन दिवसांची रोख आम्लापुरालाच काढा. होडीवाला, मीठवाला आणि लहान खानावळी रोखच घेतात. पन्नास हजाराच्या नोटा जास्त ठेवा, एक लाखाची मोड पहाटे किनाऱ्यावर मिळत नाही.