उजव्याच जांघेत का काचतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सायकलवर 60 किलोमीटरपर्यंत सगळं ठीक असतं, 80 च्या पुढे उजव्या जांघेत काचायला लागतं आणि 100 होईतो कातडी सोलवटलेली असते. आधी बुडाची हाडं दुखायची म्हणून दोन महिन्यांपूर्वी सीटवर जेलचं कव्हर चढवलंत. हाडांचं दुखणं जरा कमी झालं, पण हे नवीन मागे लागलं. जाता जाता एका ओळीत पुढच्या भागाला मुंग्या येतात असंही लिहिलंय. पाच आठवड्यांनी 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड आहे, तर कुठलं क्रीम लावू?

क्रीमचं सांगते, पण शेवटी. आधी ते कव्हर काढा.

सीटवरची दुखणी एकाच नावाने सांगितली जातात, पण ती वेगवेगळी असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. हाडं दुखणं हा दाबाचा प्रकार आहे. कातडी सोलणं हा घासण्याचा. मुंग्या येणं म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या चेपल्या जाणं. केसतूड किंवा पुळी म्हणजे घासून उघड्या पडलेल्या कातडीत जंतू शिरणं. तुम्ही पहिल्यावर उपाय म्हणून कव्हर घेतलंत आणि दुसरं-तिसरं ओढवून घेतलंत, असा माझा अंदाज आहे.

कारण सांगते. जेलचं कव्हर बसायची जागा वर उचलतं, म्हणजे तुमच्या नकळत सीट उंच झाली. सीटचं पुढचं निमुळतं टोकही त्यामुळे जाड होतं आणि नेमकी तिथूनच मांडी वरखाली जात असते. शिवाय मऊ गादीत हाडं खाली रुततात आणि दोन हाडांच्या मधला गुबगुबीत भाग वर येऊन मधल्या मांसाला चेपतो. मुंग्या तिथूनच. दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडणाऱ्यांना हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. लांब पल्ल्याची सायकल चालवणारे बरेच जण कडक सीटवर बसतात ते सोशिक असतात म्हणून नव्हे. हाडांवर भार घेता येतो, मांसावर नाही, एवढंच त्यामागचं कारण.

आता उजवीकडेच का? मिनिटाला 75 पायडल धरले तर तासाला 4,500 फेऱ्या होतात. 200 किलोमीटरला सायकलवर दहा तास गेले तर 45,000. प्रत्येक फेरीत कातडी एक-दोन मिलिमीटर जरी सरकत असेल, तरी दिवसभरात काय होणार ते दिसतंच आहे. सीट उंच असली की पायडल तळाशी जाताना पाय पुरत नाही, मग कंबर त्या बाजूला झुकून तो पुरवून घेते. बहुतेकांचं शरीर दोन्हीकडे सारखं झुकत नाही, एका लाडक्या बाजूला झुकतं आणि त्याच बाजूची जांघ सीटच्या कडेवर घासते. तुमची लाडकी बाजू उजवी दिसते.

खात्री करायची असेल तर सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) लावा आणि मागून कुणालातरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. ट्रेनर नसेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या सोबत्याला कमरेकडे बघायला सांगा. शॉर्ट्सची कमरेची रेषा तराजूच्या दांडीसारखी वरखाली होत असेल तर सीट उंच आहे. उंचीचा ढोबळ अंदाज टाचेवरून येतो. सायकलचे नेहमीचे बूट घालून टाच पायडलवर ठेवा, पायडल तळाशी न्या. पाय सरळ व्हावा, पण कंबर वाकता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडा बाक उरतो. सरळ पायापासून 25 ते 35 अंश बाक बहुतेकांना मानवतो. ग्रेग लमॉंड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखलं जाणारं एक गणितही आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले 0.883, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. सुरुवातीला ते बरं, पण बुटाचा तळ आणि क्रँकची लांबी त्यात धरलेली नाही, तेव्हा त्याला चिकटून राहू नका.

कव्हर काढलंत की उंची आपोआप थोडी कमी होईल. तरी कंबर हलत असेल तर तीन मिलिमीटर खाली, एक राईड, परत बघा. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, चिकटपट्टीची खूण करून ठेवा, नाहीतर आपण कुठून निघालो तेच आठवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही.

उंची बरोबर असूनही एकाच बाजूला घासत असेल तर पुढचं बघा. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, फ्रेमच्या वरच्या नळीच्या रेषेत आहे का? पडल्या-आपटल्यानंतर ते चिमूटभर वळलेलं असतं आणि महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. सीटखालच्या सळ्या वाकल्यात का? दोन्ही बुटांचे क्लीट (तळाला असलेले, पायडलमध्ये अडकणारे तुकडे) सारखे बसवलेत का? काही जणांचा एक पाय खरोखरच आखूड असतो. त्यावर क्लीटखाली पातळ पट्टी घालतात, पण ते फिटिंग करणाऱ्या जाणकाराकडून करून घ्या, स्वतः अंदाजाने नको.

उंचीबद्दल एवढं बोलतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी 300 च्या ब्रेव्हेच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, सीट जरा वर घे, पायांना जास्त जोर मिळेल. घेतली, चांगली बोटभर. 180 किलोमीटरला दोन्ही जांघा पेटल्या आणि शेवटचे 50-60 किलोमीटर मी जवळजवळ उभ्यानेच चालवले. 20 तासांच्या मुदतीत पोचले, पण पुढचे चार दिवस चालताना लोक वळून बघत होते.

सीटचा कल पाण्याच्या पातळीइतका सपाट ठेवून सुरुवात करा. मुंग्या येत असतील तर नाक एक-दोन अंश खाली चालतं, त्याहून जास्त नको. जास्त उतार दिलात की शरीर सतत पुढे घसरतं, हात त्याला मागे ढकलत राहतात, तळवे बधिर होतात आणि प्रत्येक घसरणीला परत मागे सरकताना कातडी घासते.

हाडं दुखायचा मूळ प्रश्न मात्र राहिलाच. तुमची सीट बहुधा तुमच्या रुंदीची नाही. घरीच मोजा. नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, हँडल धरल्यासारखं पुढे वाका आणि टाचा जरा उचला. मिनिटभराने उठून बघाल तर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर बहुतेकांचं 100 ते 140 मिलिमीटरच्या आसपास येतं. त्यात साधारण 20 ते 30 मिळवले की सीटची रुंदी मिळते. ताठ बसणाऱ्याला जास्त रुंद लागते, खूप वाकणाऱ्याला कमी. बायकांची सीट आणि पुरुषांची सीट या पाट्यांपेक्षा हा पुठ्ठा खरं बोलतो. नवी सीट घ्यायची तर याच आठवड्यात घ्या. ब्रेव्हेच्या आधीच्या दोन आठवड्यांत सायकलच्या कशालाही हात लावू नका.

मुंग्यांबद्दल मात्र मी गंभीर आहे. ते एका ओळीत उरकायचं प्रकरण नाही. हाडांच्या दुखण्याची दोन-तीन आठवड्यांत सवय होते, बधिरपणाची सवय करून घ्यायची नसते. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट वापरायला दिल्या होत्या. 2008 साली त्याचे निष्कर्ष छापून आले: बधिरपणा मोठ्या प्रमाणात कमी झाला आणि लैंगिक संवेदनाही सुधारली. तुम्ही बिननाकाची सीट घ्यावी असं मी म्हणत नाही, तिच्यावर सायकल काबूत ठेवायला वेगळा सराव लागतो. मध्ये खाच किंवा भोक असलेली, योग्य रुंदीची सीट बहुतेकांना पुरते. त्याबरोबर दर दहा-पंधरा मिनिटांनी एक गिअर जड करून वीस-तीस सेकंद उभं राहून चालवा. चढाची वाट बघत बसू नका, सपाटीवरही उठा. राईड संपल्यावर तासाभरानेही बधिरपणा जात नसेल किंवा लघवीला त्रास होत असेल तर सायकल ठेवून डॉक्टरकडे जा.

शॉर्ट्स. आत अंतर्वस्त्र घालत नाही ना? तुम्ही लिहिलं नाही, पण नव्याने आलेले निम्मे लोक घालतात आणि सांगायला लाजतात. मीही पहिलं वर्षभर घालत होते. शॉर्ट्सच्या आत शिवलेला पॅड थेट कातडीला लागून बसायला हवा. मध्ये शिवण आली की ती दोरीसारखी काचते आणि कापड घाम धरून ठेवतं. शॉर्ट्स घट्ट हव्यात, उभं राहिल्यावर जरा विचित्र वाटतील इतक्या. त्यांची परीक्षा सायकलवर वाकून करायची, आरशापुढे नाही. पॅड कातडीवर सरकत असेल तर तो कितीही जाड असला तरी उपयोग नाही. खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या बिब शॉर्ट्स मला लांब अंतराला आवडतात त्या यासाठीच, पॅड जागचा हलत नाही. लघवीला जाताना बायकांना त्या वैताग देतात हे खरं आहे. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडची कड हमखास काचते. कप किंवा टॅम्पॉन चालत असेल तर लांब राईडला ते बरे.

आता तुमचं क्रीम. जुन्या काळी शॉर्ट्सच्या आत शॅमॉय नावाच्या डोंगरी जनावराचं खरं कातडं शिवत. धुतलं की ते कडक व्हायचं, म्हणून त्याला मऊ करायला क्रीम चोळत. कातडं गेलं, कृत्रिम पॅड आले, पण शॅमॉय क्रीम हे नाव राहिलं. आता ते कातडीसाठीच लावायचं. तुम्हाला जिथे सोलवटतं तिथे आणि पॅडच्या शिवणींवर, निघण्यापूर्वी, बोटभर. पेट्रोलियम जेलीही चालते आणि पावसात जास्त टिकते, फक्त ती पॅडमधून धुवून निघता निघत नाही. टाल्कम पावडर नको, घामाने तिच्या गोळ्या होतात. काही क्रीममध्ये मेंथॉल असतं. पहिल्यांदा लावताना ते जपून लावा, नाहीतर पहिले पाच किलोमीटर वेगळ्याच कारणाने लक्षात राहतील. बायकांनी तर बिनमेंथॉलचं, बिनवासाचंच घ्यावं आणि बाहेरच्या कातडीपुरतंच लावावं.

ब्रेव्हेला 200 साठी साडेतेरा तास असतात, म्हणजे मध्ये पाच मिनिटं काढायला भरपूर वेळ आहे. साधारण 100 ला जो थांबा असेल तिथे शौचालयात जाऊन ओल्या वाइपने जांघा पुसा, कोरड्या करा, परत क्रीम लावा. वाळलेल्या घामाचं मीठ बारीक वाळूसारखं घासतं, त्याच्यावरच नवं क्रीम फासू नका. काचायला लागल्याची पहिली जाणीव झाली की तिथेच थांबा. पुढच्या थांब्यावर बघू म्हणत मी स्वतःची कातडी दोनदा घालवली आहे.

राईड संपल्यावर लोक शॉर्ट्समध्येच चहा पीत गप्पा मारत तासभर बसतात. ओला, गरम पॅड म्हणजे जंतूंना आयती मेजवानी. आधी कपडे बदला, साध्या साबणाने धुवा, कोरडं करा, सैल सुती काहीतरी घाला. शॉर्ट्स त्याच दिवशी उलट्या करून धुवा, कापड मऊ करणारं द्रावण घालू नका, उन्हात उलट्याच वाळवा. त्या भागात वस्तरा फिरवत असाल तर थांबवा. खुंट आत वळतात आणि तिथेच केसतूड धरतं. फारच वाटलं तर केस कात्रीने बारीक करा.

आणि पुळी आलीच तर फोडू नका. कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं शेका आणि दोन-तीन दिवस सायकल बंद. लाली पसरत असेल, ताप आला, गाठ कडक होऊन राहिली किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मोठ्या मोठ्यांची यात वाट लागली आहे. आयरिश सायकलपटू शॉन केली 1987 च्या स्पेनच्या शर्यतीत आघाडीवर होता, शेवट तीन दिवसांवर होता आणि अशाच गळवामुळे त्याला सोडावी लागली. 1989 ला फ्रेंच सायकलपटू लॉरां फिन्यों सीटवरच्या जखमेसह तूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी, एकेकट्याने वेळेविरुद्ध चालवायच्या शर्यतीत उतरला. 50 सेकंदांची आघाडी होती, ती गेली आणि तो लमॉंडकडून 8 सेकंदांनी हरला. जखमेशिवाय जिंकला असता का ते कुणी सांगू शकत नाही, पण त्या दुखण्यानिशी वेळेविरुद्धची शर्यत म्हणजे काय, ते तुम्ही 100 किलोमीटरला अनुभवताच आहात.

तेव्हा या रविवारी कव्हर काढून, उंची तपासून 60 किलोमीटर जा. हाडं पहिल्यासारखी दुखतील, ते चालेल. पण 60 ला तुम्हाला उजवीकडे एरवीही काही जाणवत नाही, म्हणून घरी आल्यावर आरशात दोन्ही जांघांची लाली ताडून बघा. सारखी असेल तर पुढच्या वेळी 90 करा. उजवी अजून लाल असेल तर मागून काढलेला व्हिडिओ आणि पुठ्ठ्यावरचं माप इथे टाका, मग सीटच्या सळ्या आणि क्लीटकडे वळू.