बिंदू तर बसतोय, मग गुण का कापले?

प्रश्न : बाई, माझी मुलगी अकरावीला आहे. चाचणीत गणित होतं : (४, −१) मधून जाणाऱ्या आणि ३क्ष − २य + ७ = ० या रेषेला समांतर असणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. तिचं उत्तर आलं ३क्ष + २य − १० = ०. तीनपैकी एकच गुण मिळाला. घरी आम्ही बिंदू घालून पाहिला, १२ − २ − १० म्हणजे शून्य, बरोबर बसतो. मग चुकलं कुठं? क्लासमध्ये म्हणतात, ‘सूत्र नको, फक्त शेवटचा आकडा बदला.’ का, ते कुणी सांगत नाही.
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, पेपर घेऊन भांडायला निघाला असाल तर जरा थांबा. तो एक गुण बहुधा बिंदू नीट घातल्याचाच आहे.

चूक चिन्हाची आहे, आणि दर वर्षी निम्मा वर्ग ती करायचा. क्षचा सहगुणक (क्षला लागलेला आकडा) भागिले यचा सहगुणक, पुढे वजा, हे चढाचं सूत्र तिला पाठ आहे. पण इथे यचा सहगुणक २ नाही, −२ आहे. वजाला वजा खाऊन चढ येतो ३/२. समांतर रेषेचा चढही तोच हवा, तिनं −३/२ धरला. म्हणून तिची रेषा (४, −१) मधून जाते खरी, पण पुढे (१/२, १७/४) या बिंदूत दिलेल्या रेषेला छेदते. एका बिंदूतून रेषा हव्या तेवढ्या जातात, त्यातली समांतर मात्र एकच. (युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचं हे सुटसुटीत रूप रूढ झालं ते स्कॉटलंडच्या जॉन प्लेफेअर यांच्या १७९५ च्या भूमितीच्या पुस्तकामुळे.)

आता क्लासची युक्ती. ती बरोबरच आहे, पण कारण न सांगता दिली की तीही पाठांतरात जमा.

मुलीला आलेख कागद द्या. समीकरण बाजूला ठेवून नुसतं ३क्ष − २य घ्या. (४, −१) वर त्याची किंमत १२ + २ = १४. तिथे बोट ठेवून दोन घरं उजवीकडे, तीन घरं वर जा. आला (६, २). किंमत १८ − ४, पुन्हा १४. तीच चाल परत : (८, ५), २४ − १० = १४. क्षमुळे सहा वाढले, यमुळे सहा गेले. दिलेल्या रेषेवरही चाल हीच. (−१, २) वरून (१, ५) वर जाऊन पाहा, फक्त तिथली किंमत दोन्ही ठिकाणी −७ येते. चाल तीच, किंमत वेगळी, म्हणून समांतर. आपल्या बिंदूची किंमत १४, तेव्हा उत्तर ३क्ष − २य = १४. चौदा डावीकडे नेताना −१४ होतात, तिथेही पोरं घसरतात.

माझ्या वर्गात एका फॅब्रिकेशनवाल्याचा मुलगा होता. त्यानं विचारलं होतं, “बाई, जिन्याचा नि कठड्याचा चढ सारखाच, मग कठडा वर आहे हे समीकरणात लिहायचं कुठं?” शेवटच्या आकड्यात, रे बाबा. तेव्हापासून मी चढाच्या सूत्राआधी बोट चालवायला लावते. शिवाय क्ष = ९ सारख्या उभ्या रेषेला चढच नसतो. सूत्रवाले तिथे अडतात, आणि किंमत बघणारा (४, −१) मधून जाणारी समांतर रेषा सरळ क्ष = ४ लिहून मोकळा होतो.

पुस्तकामागे उत्तर य = (३/२)क्ष − ७ असं दिसलं तर गोंधळू नका, रेषा तीच. तिला (०, −७) आणि (२, −४) मांडून पट्टी लावायला सांगा. मग त्याच कागदावर दिलेली रेषा आणि तिची चाचणीतली रेषा, दोन्ही वेगवेगळ्या रंगांत.