वाचकांचे प्रश्न : किल्ल्यांच्या जुडग्यातली टॉर्च भिजली तर

प्रश्न : राजगडावर पावसात भिजल्यापासून माझी छोटी ॲल्युमिनियमची टॉर्च (एक ट्रिपल-ए सेल, डोकं पिळून लागणारी) मिणमिणते. काचेला आतून वाफ धरते. तांदळात ठेवून पाहिली, फरक नाही. काय करावं? – वाचक, कोथरूड

उत्तर : आधी सेल काढा. सेल आत असताना पाणी राहिलं, तर टॉर्च बंद असली तरी त्या पाण्यातून थोडा प्रवाह वाहतो आणि तांब्याचे संपर्क झपाट्याने खराब होतात. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, उलट त्याची पूड डोकं पिळायच्या आट्यांत बसते.

डोकं आणि नळी वेगळी करा, झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने (आयपीए) आटे आणि संपर्क जुन्या टूथब्रशने घासा. औषधाच्या दुकानात बहुधा ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात उरलेलं पाणीच असतं. पुण्यातल्या तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मागा. प्लॅस्टिकच्या काचेला ते लावू नका, तडे जातात. मग घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. जुलैतल्या पुण्याच्या हवेत उघड्यावर ती नीट सुकणार नाही.

मिणमिणण्याचं कारण बहुतेक वेळा नळीची कड असते. तिथल्या उघड्या धातूतूनच वीज डोक्यात जाते आणि ओलाव्याने त्यावर पांढरट थर बसतो. खोडरबराने कड चकचकीत करा. सेलच्या टोकाशी पांढरे खडे दिसले तर सेल गळलाय : कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून पुसा, मग आयपीए. हातमोजे घाला.

आता पाणी शिरलं कुठून ते पाहा. आट्यांजवळची रबरी ओ-रिंग काढून ताणून बघा. चीर असेल, चपटी झाली असेल तर बदला. दुकानात जुनी रिंग सोबत न्या, अंदाजाने आणलेली बसत नाही. रिंगला सिलिकॉन ग्रीस चमक येण्यापुरतंच लावा. जास्त झालं की धूळ चिकटते. खोबरेल नको. व्हॅसलीनही नको, काही रबरं त्याने फुगतात.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अशी टॉर्च बंद असताना डोकं सैल असतं, आणि जुडग्यात हलून ते आणखी सुटतं. फार सुटलं की रिंग कडेबाहेर येते आणि पावसाला वाट मिळते. म्हणून सेलशिवाय, आत कोरडा टिश्यू ठेवून, पेल्यातल्या पाण्यात १० मिनिटं बुडवून बघा : एकदा घट्ट, एकदा बंद स्थितीत. टिश्यू बंद स्थितीतच ओला झाला, तर ट्रेकला निघताना सेल काढून वेगळा ठेवा आणि डोकं घट्ट पिळा.

प्रश्न : यूएसबीवर चार्ज होणारी टॉर्च वॉशिंग मशीनमधून निघाली, तरी लागते. वापरू का? – वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : लागते म्हणून लगेच चार्जिंगला लावू नका. साबणाचं पाणी सुकलं तरी क्षार उरतात आणि चार्जिंगच्या खाचेत पिनांमध्ये शॉर्ट होऊ शकतो. स्क्रू असतील तर उघडा, बोर्ड आयपीएने धुवा, सुकवा. लिथियमचा सेल फुगला असेल किंवा गोडसर वास येत असेल तर तो टोचू नका, चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या. डिंकाने बंद केलेली टॉर्च असेल तर नवी घ्या. घेताना पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन आयपीएक्स७ आहे का पाहा : १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स४ फक्त शिंतोड्यांपुरतं असतं.